आत सहा, बाहेर एक

वृंदा टिपणीसकडे कुणी नॉर्वेजियन भाषेत प्यायला पाणी मागितलं, तर तिला कळायचं नाही. पण त्या भाषेतली लाखो अक्षरं गेल्या एकोणीस वर्षांत तिच्या बोटांखालून गेली आहेत. आणि ती सगळी एकाच मुलखाबद्दलची, दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फाबद्दलची. देवमाशाच्या पोटात काय सापडलं, बर्फाला किती खोल भोक पाडलं, कुठल्या पक्ष्यानं कितवं अंडं घातलं, वारा कुठून कुठे. त्या बर्फाचा एक मोठा तुकडा नॉर्वेवाले आपला म्हणतात, त्याला आपल्या एका राणीचं नाव दिलंय, आणि पिढ्यान् पिढ्या तिथं जाऊन जे जे मोजता येईल ते मोजून लिहून ठेवलंय. तिकडची ग्रंथालयं ते जुने अहवाल आणि नोंदवह्या स्कॅन करून पाठवतात. नोएडात सेक्टर त्रेसष्टमधली एक कंपनी ते टाईप करून परत पाठवते. त्या कंपनीचं काम वृंदा घरून करते. सेक्टर शहात्तर, चौदावा मजला, बाल्कनीच्या काचेच्या दाराला लागून टेबल.

"आमच्या घरात नॉर्वेचं हवामान खातं आहे," तिचा नवरा अशोक पाहुण्यांना सांगतो. "दिल्लीत उद्या धुकं पडेल का ते मात्र विचारू नका. फार जुनं असेल तरच सांगते ती."

कामाची रीत मोठी मजेशीर आहे. एकच पान दोन माणसं टाईप करतात. एक 'अ', एक 'ब'. दोघांना एकमेकांचं नाव-गाव काही माहीत नसतं. मग संगणक दोन्ही प्रती एकमेकींवर ठेवून बघतो, आणि जिथे फरक दिसेल तिथे तिसरा माणूस निवाडा करतो. दोन अनोळखी माणसं एकाच जागी एकच चूक करणार नाहीत, या भरवशावर सगळा धंदा उभा. नियमही एकच, पहिल्याच दिवशी शिकवलेला: जे दिसतं ते टाईप करायचं, जे कळतं ते नाही. म्हणून तर भाषा न येणारी माणसं घेतात. भाषा येणाऱ्याच्या डोक्यात पुढचा शब्द आधीच तयार असतो, आणि पानावर नसला तरी बोटांतून उतरतो.

वृंदाला या नियमाचा मोठा अभिमान. तिच्या लेखी त्या लिपीत काट मारलेलं शून्य आहे, डोक्यावर टिकली लावलेला ए आहे, एकमेकांना चिकटलेली जुळी अक्षरं आहेत. अर्थाशी तिला देणंघेणं नाही. पण एकोणीस वर्षं एकाच डब्यात हिंग ठेवला तर डब्याला वास लागतोच की. वाऱ्याचा शब्द, बर्फाचा शब्द, रात्रीचा शब्द आपोआप ओळखू यायला लागले. 'इन्ने' म्हणजे आत, 'उते' म्हणजे बाहेर, हेही. तिनं ते कधी कुणाला सांगितलं नाही. इतर ठिकाणी कळणं हा गुण असेल, या धंद्यात तो दोष.

दुसरीही एक गोष्ट ती सांगत नसे. रोज सकाळी दात घासता घासता ती मनातल्या मनात एकोणतिसाचा पाढा म्हणायची. पहाडगंजच्या मराठी शाळेत छडीच्या धाकानं पाठ झालेला. अडखळली नाही, की दिवस बरा. हे सुरू झालं आईमुळे.

आई शेवटचे दोन हिवाळे त्यांच्याकडे होती. आधी भाज्यांची नावं गेली, मग माणसांची. मग एका जानेवारीत, दुपारी, बाहेर धुक्यात काही म्हणता काही दिसत नव्हतं तेव्हा, दिवाणावर बसलेली आई म्हणाली, "वृंदे, बाहेर माणूस उभाय गं. कुडकुडतोय. आत घे त्याला."

चौदाव्या मजल्याच्या बाल्कनीत.

"आई, तिथं कोणी नाही."

"बघितलंस तरी का?"

"बघितलं. कोणी नाही."

"मग तुला दिसत नाही," आई म्हणाली. तक्रार म्हणून नाही, कीव आल्यासारखी.

अशोकची तऱ्हा वेगळी. तो उठायचा, दार उघडायचा, थंडी अंगावर घेत मिनिटभर थांबायचा आणि म्हणायचा, "आला हो आई आत. लावतो दार." आई लगेच शांत. "चहा टाक गं त्याला," एवढंच म्हणायची. वृंदाला याचा विलक्षण राग यायचा. "अहो, तुम्ही हो ला हो करू नका. जे नाही ते आहे म्हणायचं नाही." शेवटी तिनंच त्या दाराला वरून कडी घातली, फटींना चिकटपट्टी लावली आणि आईला सांगितलं, दार बिघडलंय. आई रोज त्या दाराकडे बघत राहायची. फेब्रुवारीत गेली. त्याला तीन वर्षं झाली. ते दार अजूनही बंदच असतं. कपडे स्वयंपाकघराच्या बाजूला वाळतात.

या जानेवारीत तिच्याकडे एक नोंदवही आली. कुठल्याशा छोट्या मोहिमेची, सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीची. जहाज सहा माणसांना बर्फावर सोडून गेलं होतं आणि पुढच्या उन्हाळ्यात न्यायला येणार होतं. पहिल्या पानावर सहा नावं. प्रमुख पहिला, स्वयंपाकी सहावा. पुढे रोजच्या तीन नोंदी: वेळ, वारा, तापमान, ढग, कुठवर दिसतंय, आणि सगळ्यात उजवीकडे शेऱ्याचा अरुंद रकाना, बहुतेक वेळा कोरा. नॉर्वेवाल्यांची ही शिस्त वृंदाला आवडते. तंबू उडून गेला, हेही ते वाऱ्याचा वेग सांगावा तशाच आवाजात लिहितात.

तिकडे मे संपता संपता सूर्य उगवायचाच बंद होतो. तरी दिवसातून तीनदा कुणीतरी कंदील घेऊन बाहेर जात होतं आणि शून्याखाली किती ते बघून येत होतं. मग चौदा जूनच्या संध्याकाळी, शेऱ्याच्या रकान्यात, बारीक करड्या अक्षरांत तिला दिसलं:

इन्ने ६. उते १.

तिनं टाईप केलं. काही वाटलं नाही. पंधरा जूनला पुन्हा तेच. सोळाला तेच. सोळाची ओळ टाईप करून तिचा हात थांबला. मागे जाऊन तिनं पहिलं पान उघडलं आणि पडद्यावर बोट ठेवून नावं मोजली. सहा. त्या अख्ख्या किनाऱ्यावर माणसं सहा. सहाही आत आहेत, तर बाहेर आहे तो कोण?

तिनं डाव्या हाताला बघितलं. काचेपलीकडे धुक्यानं कठडा गिळला होता. समोरचे दोन टॉवर, रस्ता, सगळं पुसलेलं. पांढरं, आणि त्या पांढऱ्याला खोलीच नाही. शेजारच्या फ्लॅटमधला मिक्सर चालू झाला तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण श्वास धरून बसलोय.

जे दिसतं ते टाईप करायचं. तिनं केलं. दहा दिवस तीच ओळ, रोज संध्याकाळी. अकराव्या दिवशीची ओळ वेगळी होती. ती टाईप करून तिनं पान पाठवून दिलं, संगणक मिटला, आणि स्वयंपाकघरात जाऊन उगीचच कणीक भिजवली. पाठवलेलं पान पुन्हा उघडता येत नाही, तशी सोयच नसते. त्या दिवशी तिला ते बरं वाटलं.

चार दिवसांनी चिरागचा फोन आला. चिराग पेठे तिचा सुपरवायझर. तिशीतला, जन्म दिल्लीतला, मराठी खिचडीसारखं.

"काकू, बिझी आहात?"

"मटार सोलतेय. पाच किलो आणलेत तुझ्या काकांनी, दुकान टाकायचंय बहुतेक. बोल."

"अच्छा, ते नॉर्वेवालं रजिस्टर. जूनची पानं. तुमच्या कॉपीत लास्ट कॉलममध्ये अकरा ओळी आहेत."

"हो. होत्या ना."

"काकू, कॉलम कोरा आहे."

वृंदाच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"नीट बघ रे. बारीक अक्षर आहे."

"मी झूम करून बघितलं. बिल्कुल कोरा. मी पानं तुमच्याकडे परत टाकलीयत, तुम्हीच बघा. चुकून झालं असेल तर काढून टाका, मी बाकी सांभाळतो. टेन्शन नाही."

तिनं हात पुसले. टेबलाशी बसून पान उघडलं. चौदा जून. वेळ, वारा, तापमान, ढग. काळीभोर अक्षरं, स्वच्छ पांढरा कागद. शेवटच्या रकान्यात काही नाही. पंधरा जून, काही नाही. चष्मा पुसला. मोठं करून बघितलं. पडद्याला नाक लागेल इतकी वाकली. अकराच्या अकरा रकाने कोरे, कुणी कधी तिथं काही लिहिलंच नसावं असे.

'ब'नं काय टाईप केलं असेल, हा विचार तिच्या मनात आला नाही. आला असता तरी विचारायची सोय नव्हती. 'ब'बद्दल बोलायचं नाही, असा कंपनीचा कायदा. तिनं गृहीत धरलं की 'ब'ला जे दिसलं तेच त्यानं केलं. त्यानं रकाना कोरा ठेवला. कारण तो कोराच होता.

मग ते शब्द कुठून आले? 'आत' आणि 'बाहेर' हे शब्द तिला कळत होते, हाच पुरावा. आणि ती शेवटची, अकरावी ओळ. ती ओळ तर आईच्या तोंडचीच होती.

तिनं एकेक करून अकरा ओळी पुसल्या. चिरागला फोन केला. "काढल्या रे. माझंच चुकलं. वय झालं आता."

"असं नका बोलू काकू. होतं असं."

होतं असं. आईच्या डॉक्टरांनीही पहिल्या भेटीत हेच म्हटलं होतं.

पुढचे दिवस तिनं स्वतःवर पाळत ठेवण्यात घालवले. गॅस बंद केला का, तीनदा. आज वार कोणता, उठल्या उठल्या. एके सकाळी पाढ्यात एकोणतीस सत्तेला येऊन गाडी अडली. आरशातल्या बाईकडे बघत ती तशीच उभी राहिली, तोंडात फेस घेऊन, आणि दोनशे तीन काही केल्या येईना. आले, पण तोवर टूथपेस्ट सुकली होती. त्याच दिवशी तिनं आईच्या डॉक्टरांकडे पुढच्या गुरुवारची वेळ घेतली. अशोकला सांगितलं, दाताचं आहे. चिरागला मेसेज लिहिला की या महिन्यानंतर काम बंद करते. ज्या डोळ्यांवर भरवसा नाही त्यांनी हे काम करायचं नाही. पाठवला आणि मग बराच वेळ रडली, नळ सोडून.

दुपारी रिंकू भांडी घासायला आली. घरकामाला येते ती, पूर्णियाकडची. वृंदानं चहा केला, ट्रे आणून ठेवला.

"आंटी, कोई आया है?" रिंकूनं विचारलं.

"नहीं तो."

"तो ये किसका है?"

ट्रेमध्ये अशोकचा कप होता, तिचा होता, आणि आणखी एक होता. भरलेला, वाफाळणारा. रिंकूचा नव्हे, तिचा ठरलेला स्टीलचा पेला ओट्यावरच भरून ठेवला होता. आईच्या वेळचा, निळ्या काठाचा तो कप वरच्या फळीवर मागे असतो. काढायला स्टूल लागतं. स्टूल घेतल्याचं वृंदाला आठवेना.

"तूच घे," ती कशीबशी म्हणाली. पण रिंकूनं तो कप घेतला नाही. ती आपला पेला घेऊन दाराजवळ जाऊन बसली, बाल्कनीकडे पाठ न करता.

संध्याकाळी अशोक म्हणाला, "आज चौथ्यांदा कडी बघतेयस त्या दाराची."

"वारा येतो."

"चिकटपट्टीतून?" तो हसला. मग हसायचा थांबला. "वृंदा, काय झालंय?"

"दात दुखतोय," ती म्हणाली.

बुधवारी सकाळी चिरागचा फोन. "काकू, काम सोडायचं नंतर बघू. आज ऑफिसला या, प्लीज. इथं एक काका येऊन बसलेत. जाणारच नाही म्हणतात."

धुक्यामुळे सगळीकडे उशीर. एक मेट्रो सोडून दुसरीकडे चालत जाताना पुढच्या माणसाची फक्त पाठ दिसत होती, आणि वळणावर तीही नाही. ती पोचली तेव्हा साडेअकरा झाले होते. चिरागच्या केबिनमध्ये खुर्चीच्या कडेवर, पाठीचा कणा ताठ ठेवून, सत्तरीकडे झुकलेला एक माणूस बसला होता. तपकिरी स्वेटर, मांडीवर माकडटोपी.

"काकू, मी रूल तोडतोय," चिराग म्हणाला. "हे सुधाकर घाडगे. हे 'ब' आहेत."

"रिटायर्ड सुभेदार," त्या माणसानं दुरुस्ती केली. "मूळ कोरेगावचा, आता पालमला असतो. बसा ताई. हे साहेब आठ दिवस झाले माझ्या मागं लागलेत. म्हणतात, पुसा. मी म्हणालो, नाही पुसणार. दिसलं ते टाईपलं. तवा म्हणाले, 'अ'नं तर पुसलं. म्हटलं, मग त्या 'अ'लाच बोलवा, तोंडावर सांगू द्या."

"काय पुसायला सांगितलं तुम्हाला?" वृंदानं विचारलं.

"त्या अकरा ओळी."

चिराग घाईघाईनं म्हणाला, "काकू, तेव्हा सांगायची परमिशन नव्हती. दोघांचं सेम टू सेम होतं, म्हणून तर कम्पेअरमध्ये काही आलंच नाही. मी सहज एक पान उघडून बघितलं म्हणून कळलं. वरचे म्हणाले असते, दोघांनी मिळून काहीतरी केलं. पण यार, कॉलम कोरा आहे! बघा ना काका, हे बघा." त्यानं पडदा वळवला. रकाना कोराच होता.

सुभेदारानं पडद्याकडे बघितलंसुद्धा नाही. "ताई, तुम्ही काय बघितलंत?"

"मी पुसलं ते."

"ते नाही विचारलं. बघितलं काय?"

"मला खात्री नाही हो," वृंदा म्हणाली आणि तिचा आवाज फाटला. "माझ्या आईला शेवटी असं दिसायचं. मला वाटलं..."

सुभेदार मऊपणानं म्हणाला, "खात्रीसाठीच तर दोघांना बसवतात आपल्या धंद्यात. चिरागसाहेब, दोन कागद द्या. आणि ताई, शेवटची ओळ लिहा. फक्त अकरावी. पहिल्या दहा काय, तुम्ही फोनवर साहेबांना सांगितल्या असतील. अकरावी कुणाला सांगितली?"

"कुणालाच नाही."

"मी पण नाही. साहेब, तुम्ही पुढे वाचल्यात?"

"पहिलीच वाचली मी," चिराग म्हणाला. "वाटलं बाकी सेमच असणार."

दोघं एकमेकांकडे पाठ करून बसले. डोळे मिटल्यावर वृंदाला ती ओळ दिसली, रकान्यात किंचित तिरकी, फिकट. जशी दिसली तशी तिनं कागदावर काढली. चिरागनं दोन्ही कागद घेतले आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

दोन्ही कागदांवर एकच ओळ होती.

इन्ने ७. उते ०.

दोघांनीही सातच्या आकड्याच्या पोटातून एक आडवी रेघ मारली होती. नॉर्वेवाले जुन्या हस्ताक्षरात मारतात तशी. वृंदा एरवी सात तसा काढत नाही. सुभेदारही नाही.

"पेन्सिल होती," सुभेदार म्हणाला. "बाकी सगळं शाईनं आणि तेवढंच पेन्सिलीनं."

'पेन्सिल' हा शब्द ऐकून चिराग एकदम उठला. टाईप करणाऱ्यांना जातात ती करड्या छटांची, जड चित्रं. त्याच्याकडे तपासणीला येतात ती मात्र हलकी केलेली, आणि टाईप करणाऱ्याला परत पाठवली की तीच जातात. नुसती काळी-पांढरी. त्यात शाई उरते. पेन्सिलीचा फिकट करडा पांढऱ्यात जमा होतो. त्यानं मूळ फोल्डर शोधून काढलं, चौदा जूनचं पान उघडलं. कागद आता पांढरा नव्हता, चहाच्या डागासारखा पिवळा होता. आणि शेवटच्या रकान्यात, बारीक, तिरकं, करडं काहीतरी होतं.

वृंदा पुढे वाकली. वाचलं. पुन्हा वाचलं. तिच्या छातीवरचं इतक्या दिवसांचं ओझं असं उतरलं की तिला हसूच आलं. आपले डोळे शाबूत आहेत. डोकं शाबूत आहे. एकोणतीस सत्ते दोनशे तीन.

"म्हणजे दोघंही बरोबर," चिरागही हसला. मग त्याचं हसू विरलं. "पण काकू, माणसं तर सहाच होती ना?"

केबिनचा ब्लोअर तेवढा घरघरत राहिला.

खाली टपरीवर सुभेदारानं चहा पाजला. तो स्वतः एक हिवाळा त्या बर्फावर राहून आला होता, तरुणपणी, आपल्या देशाच्या तळावर, फौजेच्या तुकडीत. म्हणून तर निवृत्तीनंतर हे काम त्याला मिळालं. "दाराशेजारी फळा होता आमच्या," तो सांगत होता. "आत किती, बाहेर किती. वादळ सुटलं की हवालदार मोजायचा. एखाद दिवशी एक जास्त यायचा."

"मग?"

"मग परत मोजायचं. तिसऱ्यांदा नाही मोजायचं, असा रिवाज होता. आचारी एक ताट जास्त वाढायचा. सायंटिस्ट लोक म्हणायचे, थकवा आहे, अंधार आहे. असंल की. ते शिकलेले." त्यानं फुंकर मारून घोट घेतला. "पण दार मात्र दर तासाला उघडायचं, दिवा दाखवायचा. कोणी बाहेर नसलं तरी."

"नसलं तरी कशाला?"

"नसलं म्हणजे, ताई, आपल्याला दिसलं नाही. एवढंच की आपण सांगू शकतो." चहा संपवून त्यानं माकडटोपी चढवली आणि राम राम करून निघाला. दहा पावलांवर धुक्यानं त्याला घेतलं.

गुरुवारी वृंदा डॉक्टरांकडे गेलीच. त्यांनी शंभरपासून सात-सात वजा करायला सांगितलं. ते करून तिनं वर एकोणतिसाचा पाढा म्हणून दाखवला. डॉक्टर म्हणाले, हा मलाही येत नाही, तुम्ही घरी जा.

ग्रंथालयाचं उत्तर पुढच्या आठवड्यात आलं. चिरागनं वाचून दाखवलं. पेन्सिलीचं अक्षर मोहिमेच्या प्रमुखाचंच आहे. छापील अहवालात या ओळी कधी घेतल्या गेल्या नाहीत. जहाज आलं तेव्हा सहा माणसं चढली, सहाही घरी पोचली. सातव्याबद्दल आमच्याकडे काही नोंद नाही. कृपया जसं दिसतं तसं ठेवावं.

वृंदानं अकरा ओळी पुन्हा टाईप केल्या. मग उरलेली वही पुरी केली. पंचवीस जूनपासून पुढे शेऱ्याचा रकाना खरोखरच कोरा होता, दोन्ही चित्रांत. शेवटी स्वयंपाक्याचा महिन्याचा तक्ता होता. जुलैत कॉफी जूनपेक्षा जास्त लागली होती. ती किती माणसांची, हे घर चालवणाऱ्या बाईला काढता आलं असतं. तिनं काढलं नाही.

त्या दुपारी पुन्हा धुकं उतरलं. अशोक दिवाणावर पेपर वाचत होता, पाय पुढे पसरून. त्याचे पाय आणि टीपॉय यांच्यामध्ये हातभर वाट, दिवाणखान्यात यायची तेवढीच. वृंदानं चहा टाकला. स्टूल घेतलं, वरच्या फळीवरून निळ्या काठाचा कप काढला. या वेळी तिला सगळं नीट आठवत होतं. तीन कप भरले, ट्रे टीपॉयवर ठेवला.

मग तिनं बाल्कनीच्या दाराची चिकटपट्टी सोलायला घेतली. तीन वर्षांची पट्टी, करकरत निघाली. अशोकनं पेपर खाली केला नाही. वरची कडी गंजली होती, टाचा उंचावून दोन्ही हातांनी ओढावी लागली.

दार उघडलं. थंडी आली ती अशी, ओल्या चादरीसारखी. समोर काही नव्हतं. कठडा नव्हता, टॉवर नव्हते, खाली सेक्टर शहात्तर नव्हतं. पांढरं. कोणी दिसत नव्हतं. एवढंच ती सांगू शकत होती.

"या," ती हळूच म्हणाली. "चुकलं माझं. उशीर झाला."

मिनिटभर ती बाजूला होऊन उभी राहिली, अशोक राहायचा तशी. मागे पेपर सळसळला म्हणून तिनं वळून बघितलं. अशोक वाचतच होता, नजर बातमीवर. पण त्यानं पाय मागे ओढून घेतले होते, अगदी दिवाणाला टेकवून. कुणी समोरून जाताना आपण घेतो तसे. क्षणभरानं ते पुन्हा पसरले.

"लाव आता दार," तो म्हणाला आणि पान उलटलं.

वृंदानं दार लावलं. कडी मात्र घातली नाही.